जयवंतचं प्रकरण

रुक्मिणी घाडीचा राग भांडुपच्या टेंभीपाड्यात सगळ्यांना ठाऊक होता. आरे दुधाच्या केंद्रावर तिनं अर्धं आयुष्य काढलं. पहाटेच्या अंधारात त्या लहानशा खोक्यात बसून ती पिशव्या मोजून द्यायची, आणि रांगेत मध्येच कुणी घुसला तर तोंड उघडायचीही नाही. नुसती मान वर करून बघायची. माणूस आपोआप मागे सरकायचा. नळावरची भांडणं, रेशनच्या दुकानातली भांडणं, नगरसेवकाच्या ऑफिसातली भांडणं, सगळी तिनं केली आणि बहुतेक जिंकली. पण सत्तरीला टेकल्यावर ही बाई एका पुस्तकासाठी भांडायला उठेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेली बाई. वर्तमानपत्रसुद्धा बोट ठेवून वाचणारी.

पुस्तक तिच्या दिराचं होतं. दशरथ घाडी हे नाव मराठी वाचणाऱ्या घरांत मोठं होतं. गिरणगावातल्या माणसांच्या कथा लिहून तो नावारूपाला आला, पुरस्कार मिळाले, शाळेच्या पुस्तकात धडा लागला, मोर्चांच्या पत्रकांवर त्याची वाक्यं छापली गेली. गेल्या वर्षी तो वारला. जाण्याआधी त्यानं आत्मचरित्र जवळजवळ लिहून संपवलं होतं. अंधेरीच्या एका प्रकाशनानं ते ‘उरलेलं सूत’ या नावानं काढलं आणि एक प्रत कुरियरनं भांडुपला पाठवली.

त्या पुस्तकाची सगळ्यात जास्त वाट जयवंत बघत होता. जयवंत म्हणजे दशरथचा थोरला भाऊ, रुक्मिणीचा नवरा. साखरेनं त्याचे डोळे गेले होते. खिडकीतला उजेड आणि समोर हलणारी सावली, एवढंच कळायचं. तरी पुस्तक आलं तेव्हा त्यानं ते हातात मागून घेतलं, नाकाशी नेलं, मांडीवर ठेवलं आणि विचारलं, “माझा नाव खय असा बघ गे.”

“पहिल्यापासून वाचू या की,” रुक्मिणी म्हणाली. “येईल तेव्हा येईल.”

त्याचं प्रकरण पुस्तकात असणार, हे दोघांना पक्कं माहीत होतं. कारण दशरथनं ते त्यांना स्वतः वाचून दाखवलं होतं.

ती ब्याऐंशीच्या गिरणी संपाची हकिगत होती. तेव्हा घाडी मंडळी लालबागच्या एका चाळीत राहायची. सासरे गिरणीतल्या कापसानं छाती भरून अंथरुणाला खिळलेले. सासू, लग्नाची नणंद माणिक, रुक्मिणी आणि तिच्या कडेवरची श्वेता. जयवंत गिरणीत, दशरथ विद्यापीठात. संप लागला आणि जयवंतनंही घरी बसून झेंडा हातात घेतला. पहिले महिने उधारीवर गेले. मग सासूच्या बांगड्या गेल्या, मग भांडी. मग एके दिवशी सासऱ्यांना रक्ताची उलटी झाली आणि औषधाला काही उरलं नाही. त्या दिवशी सासूनंच थोरल्याला सांगितलं, “जा.” एवढा एकच शब्द. दुसऱ्या दिवशी जयवंत पोलिसांच्या गाडीत बसून मागच्या फाटकानं गिरणीत गेला.

पुढचं रुक्मिणीला कुणी वाचून दाखवायची गरजच नव्हती. दारावर लोकांनी टांगलेल्या बांगड्या तिनं काढल्या होत्या. नळावर तिची कळशी लाथेनं उडवली गेली होती. जयवंत कामावरून यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्यावर लोकांची थुंकी असायची आणि तो सदरा तीच धुवायची. दशरथनं त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद केलं. जेवणं मात्र बंद केलं नाही. त्याच घरात, त्याच पंगतीत बसून जेवायचा आणि माळ्यावर जाऊन लिहायचा. तिथं बसून त्यानं लिहिलेली कथा म्हणजे ‘मागचं फाटक’. संपफोड्या भावाची कथा. त्या कथेनं दशरथचा ‘दशरथ घाडी’ झाला.

चाळीत राहणं अशक्य झालं तेव्हा जयवंत बायको-पोरीला घेऊन भांडुपच्या डोंगरावर पत्र्याच्या खोलीत आला. इथंही नाव पाठोपाठ आलं. श्वेता दहावीत गेली तर मराठीच्या पुस्तकात तोच धडा. बाईंनी वर्गात विचारलं, “या कथेतला भाऊ तुम्हाला कसा वाटतो?” मुलांनी हात वर करून सांगितलं, लोभी, भित्रा, गद्दार. श्वेतानंही वहीत तेच लिहिलं, गुण मिळवले आणि घरी येऊन दप्तर भिंतीवर फेकलं. तेव्हापासून ती काकाच्या घरी गेली नाही.

इतक्या वर्षांनी, मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात, दशरथ आपण होऊन भांडुपला आला. जिना चढून आला तेव्हा त्याला धाप लागली होती. हातात टाइप केलेले कागद. “दादा, हे ऐक,” म्हणाला आणि वाचायला लागला. प्रकरणाचं नाव होतं ‘जयवंत’. त्यात सगळं होतं. सासऱ्यांची उलटी, आईचा तो एक शब्द, पोलिसांची गाडी, थुंकी, कळशी. आणि एक वाक्य होतं: ‘ती कथा मी लिहीत होतो तेव्हा माझ्या पोटात जयवंतच्या मजुरीचा भात होता.’

वाचून झाल्यावर रुक्मिणी वाट बघत राहिली की आता हा माफी मागेल. त्यानं मागितली नाही. कागदातही नव्हती, तोंडातही आली नाही. तिला तेव्हाच त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली होती. पण जयवंत म्हणाला, “परत वाच.” दशरथनं परत वाचलं. मग जयवंत म्हणाला, “सगळा बरोबर लिवलंस. पण भात खय होतो रे? पेज होती.”

दशरथनं खिशातलं पेन काढलं, भात खोडलं आणि वर पेज लिहिलं. दोघे भाऊ हसले. मग दोघांनाही खोकला आला. त्या दिवसापासून जयवंत पुस्तकाची वाट बघत होता.

म्हणून पुस्तक आल्यावर रुक्मिणी रोज दुपारी जेवणं उरकून त्याच्या खाटेशी बसायची आणि वाचायची. शब्दांना अडखळत, बोट सरकवत. कणकवलीकडचं लहानपण आलं, बोटीतून मुंबईला येणं आलं, चाळ आली. जयवंत मध्येच म्हणायचा, “ह्या खरा,” किंवा “ह्या थापा मारल्यान.” मजेत होता. मग संप आला. मोर्चे आले, भाषणं आली, दशरथला पडलेला पोलिसांचा मार आला. रुक्मिणीनं पान उलटलं आणि तिथं हे होतं:

‘संपाच्या त्या दिवसांत घरं फुटली. माझा थोरला भाऊही त्या काळात आमच्यापासून दुरावला. पण कामगारांच्या ज्या विशाल कुटुंबात मी तेव्हा नव्यानं जन्मलो, त्यानं मला कधी अंतर दिलं नाही.’

त्याच्याखाली कोरी जागा. पुढच्या पानावर पहिला पुरस्कार.

तिनं पुढची पानं चाळली, मागची चाळली. कुठंच नव्हतं.

“काय झाला? गप कशाक?” जयवंतनं विचारलं.

त्या आंधळ्या माणसाचा चेहरा तिच्याकडं वळलेला होता, कान टवकारलेले. ती म्हणाली, “आलं तुझं प्रकरण,” आणि पुस्तकावर डोळे ठेवून तोंडानं सांगायला लागली. सासऱ्यांची उलटी सांगितली, आईचा शब्द सांगितला, थुंकी सांगितली. दशरथनं दोनदा वाचलं होतं, तिला बरंचसं आठवत होतं. पेज तिनं बरोबर पेजच म्हटली. शेवटाला आली तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिनं जोडलं, “दादा, मी तुझा गुन्हेगार आहे. मला माफ कर.”

जयवंतनं मान हलवली. मग म्हणाला, “ह्या दश्याचा नाय.”

“म्हणजे?”

“तेका माफी मागूची सवय नाय. लहानपणी माझी गोटी चोरल्यान तरी मागूक नाय. ह्या तुझा. पुस्तकात काय असा ता वाच.”

तिनं वाचलं. तीन वाक्यं होती, वाचायला किती वेळ लागणार! जयवंतनं ‘दुरावला’ हा शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिला, जसा काही तो परक्या भाषेतला होता. “मी दुरावलंय? मी तर थयच होतंय,” म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. संध्याकाळी जेवला नाही.

रुक्मिणीला आधी स्वतःचाच राग आला, की आपण खोटं वाचलं आणि पकडले गेलो. मग तो राग जिथं जायला हवा तिथं गेला. तिनं पुतण्याला फोन लावला. दशरथचा मुलगा सुयोग अंधेरीत एका मोठ्या कंपनीत होता. त्यानं फोन उचलला नाही, मेसेज टाकला, ‘काकी, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू.’ नंतर कधी आलंच नाही. श्वेता म्हणाली, “आई, सोड ना. आपलं आयुष्य गेलं त्याच्यात. आता कशाला वाट लावून घेतेस जिवाची?”

“माझं आयुष्य गेलं म्हणूनच विचारायचंय,” रुक्मिणी म्हणाली.

घाटकोपरहून मेट्रो धरून ती अंधेरीला गेली. प्रकाशनाचं ऑफिस औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीत होतं, खाली नळांच्या तोट्यांचं गोदाम, वर पुस्तकं. संपादक यज्ञेश दिघे पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस. तिनं नाव सांगताच उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. त्याच्या वागण्यात खोट काढायला जागा नव्हती आणि त्यानं तिचा संताप आणखीनच वाढला.

“माझ्या नवऱ्याचं प्रकरण कुठं गेलं?” तिनं विचारलं.

“वहिनी, सरांचं हस्तलिखित फार मोठं होतं. विस्कळीत होतं. तीन वेगवेगळे शेवट होते. ते असते तर त्यांनीच कापलं असतं. आम्हाला पुस्तकाचा तोल बघावा लागतो. संपाचा भाग चढत जातो आणि एकदम घरात शिरतो, तिथं वाचक अडखळतो.”

“वाचक अडखळतो? आम्ही तिथं मेलो, आणि वाचक अडखळतो?”

“तसं नव्हे, वहिनी...”

“मग कसं? तुमच्याकडं ते कागद आहेत का? दाखवा.”

त्यानं नाही म्हटलं नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. कपाटातून गठ्ठा काढला, चाळला आणि तिच्यापुढं ठेवला. वर टाइप केलेलं ‘जयवंत’. सगळ्या पानावर लाल पेनानं एक तिरकी रेघ. मध्ये भात खोडलेला, वर दशरथच्या थरथरत्या अक्षरात ‘पेज’. ती रेघ त्या शब्दावरूनही गेली होती.

तिनं त्यावर बोट ठेवलं. “आणि ते ‘दुरावला’? ते कुठाय यात?”

यज्ञेशनं चष्मा काढला. “ते जोडवाक्य आहे. एखादा भाग काढला की दोन टोकं सांधावी लागतात.”

“कुणी लिहिलं?”

“मी.”

“दशरथच्या नावावर?”

“वहिनी, संपादनात असं करावं लागतं.”

“अहो, तो मेलाय!” रुक्मिणी ओरडली, तशी बाहेरच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. “जिवंतपणी त्यानं माझ्या नवऱ्याला गद्दार लिहिलं, तेव्हा निदान ते त्यानं स्वतः लिहिलं होतं. तुम्ही कोण? तुमच्या सदऱ्यावर कधी कुणी थुंकलंय का? मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालता आणि त्याला तोल म्हणता?”

तेवढ्यात सुयोग आला. यज्ञेशनंच त्याला फोन केला असावा. गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम. “काकी, चल, खाली बसून बोलू.”

“इथंच बोल.”

“दिघे सरांची चूक नाही. मीच सांगितलं काढायला.” सुयोगनं आवाज खाली आणला. “बाबांना लोक कामगारांचा आवाज म्हणतात. आता त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू होतोय. हे छापलं तर उद्या म्हणतील, घाडी आयुष्यभर संपफोड्यांविरुद्ध लिहीत राहिले आणि संपफोड्याच्याच कमाईवर जेवले. बाबा आजारी होते तेव्हा. हळवे झाले होते. म्हणून लिहिलं त्यांनी.”

“हळवा?” रुक्मिणी हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “पहिल्यांदा खरं बोलला, तर तू त्याला आजारी ठरवलंस. तुझ्या बापाचं शिक्षण कुणाच्या जिवावर झालं, तुला माहीत आहे ना?”

“माहीत आहे म्हणून तर,” सुयोग म्हणाला.

यज्ञेशनं मध्ये पडून सांगितलं की पुढच्या आवृत्तीत ऋणनिर्देशात जयवंतरावांचं नाव घालता येईल. ‘कुटुंबीयांचे आभार’ या सदरात. रुक्मिणी उठली. चहा तसाच राहिला. “आभार तुमच्याकडं ठेवा,” म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी श्वेतानंच तिला मोबाइलवर एक पत्रिका दाखवली. मुलुंडच्या एका वाचनालयात पुस्तकावर चर्चा होती. यज्ञेश बोलणार होता, सुयोग येणार होता. “तू जाणार, मला माहितीय,” श्वेता म्हणाली. “मी सोबत येते.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरगी तिच्या बाजूनं उभी राहिली होती.

सभागृह भरलेलं होतं. निवृत्त मास्तर, बँकेतली माणसं, कॉलेजची मुलं, आणि मागच्या ओळीत गिरणीतले काही म्हातारे. वक्त्यांनी पुस्तकातली सुंदर वाक्यं वाचून दाखवली. एका बाईंनी तर नेमकं तेच वाचलं, ‘थोरला भाऊही दुरावला’पासून ‘विशाल कुटुंबात नव्यानं जन्मलो’पर्यंत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्न विचारायला माइक फिरला तेव्हा रुक्मिणीनं तो हातात घेतला.

“यातलं ते ‘दुरावला’चं वाक्य दशरथ घाडीचं नाही,” ती म्हणाली. “ते तिथं बसलेत ना, त्यांचं आहे. विचारा त्यांना. मी दशरथची भावजय. जो भाऊ दुरावला म्हणून लिहिलंय, त्याच्या घरून आले. तो कुठं दुरावला नव्हता. तो कामावर जात होता आणि आम्ही सगळे खात होतो. दशरथपण. हे त्यानं लिहिलं होतं. यांनी रेघ मारली.”

सभागृहात कुजबुज झाली. सुयोगनं मान खाली घातली. यज्ञेशनं माइक ओढला आणि काहीतरी बोलायला लागला, पण मागच्या ओळीतून एक म्हातारा काठी टेकत उठला. त्यानं नाव सांगितलं, भीमराज. जयवंतच्याच गिरणीत होता, साच्यावर, म्हणजे मागावर.

रुक्मिणीला वाटलं, हा आपल्या बाजूनं बोलेल. तो तिच्यावरच उसळला.

“बाई, तुमच्या घरात खाणं होतं म्हणता. आमच्या घरात काय होतं? माझी बायको धुणीभांडी करायला लागली. पोरगी तापानं गेली, दवाखान्यात नेता आलं नाही. तरी मी त्या फाटकातून आत गेलो नाही. जयवंत घाडीच्या सदऱ्यावर थुंकणाऱ्यांत मी होतो. आज पण मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या नवऱ्याचं प्रकरण छापलं पाहिजे म्हणता, माझ्या पोरीचं कुठल्या पुस्तकात छापून आलंय?”

त्या माणसाच्या अंगावर धावून जावं असं रुक्मिणीला वाटलं, आणि त्याच वेळी हेही कळलं की हा माणूस खोटं बोलत नाहीये.

“तुम्ही थुंकलात ते मी धुतलंय,” ती म्हणाली. “तुमच्या पोरीचं मला माहीत नव्हतं. पण तुम्ही समोर उभं राहून सांगताय, मी थुंकलो. यांच्यात तेवढीपण हिंमत नाही. यांनी तुमची थुंकीसुद्धा खोडली, कळतंय का? पुस्तकात ना माझा नवरा आहे, ना तुमची पोरगी. नुसतं विशाल कुटुंब आहे.”

ती माइक खुर्चीवर टाकून बाहेर पडली.

वर्तमानपत्रात यातलं काहीच आलं नाही. पुरस्कार जाहीर झाला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा यज्ञेशनं एक प्रत पाठवली, सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. रुक्मिणीनं ते पान काढलं. ‘दुरावला’चं वाक्य गेलं होतं. बाकी सगळं तसंच. आधी निदान थोरला भाऊ तरी होता, आता तोही उरला नव्हता. ‘जयवंत’ प्रकरण सुयोगनं छापू दिलं नाही ते नाहीच. वारस म्हणून कायदा त्याच्या बाजूनं आहे, असं श्वेताच्या ओळखीच्या वकिलानं सांगितलं.

जयवंतला तिनं या वेळी जसं होतं तसंच वाचून दाखवलं. तो म्हणाला, “बरा झाला. खोटा होता ता गेला.”

“आणि खरं?” तिनं चिडून विचारलं. “खरं कधी येणार? तुला राग कसा येत नाही रे?”

“माझो राग तूच घेतलंस सगळो. माका खय ठेवलंस?” तो म्हणाला. तिनं पुस्तक आपटलं आणि आत गेली.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी दार वाजलं. भीमराज उभा होता, विक्रोळीहून आलेला, डोंगर चढून दमलेला. “घाडी आहे का?” त्यानं विचारलं. रुक्मिणी दारातून हलली नाही. तो म्हणाला, “माफी मागायला आलो नाही. त्याच्याशी बोलायचंय.” आतून जयवंत ओरडला, “कोण तो? येऊ दे गे.”

भीमराज खाटेसमोरच्या स्टुलावर बसला. आधी तब्येतीची विचारपूस झाली, मग एकदम संपच निघाला. भीमराज म्हणाला, तुम्ही आत गेलात म्हणून मालकाची हिंमत वाढली. जयवंत उठून बसला आणि म्हणाला, मालकानं गिरणी विकायचं आधीच ठरवलं होतं, कुणी आत जावो की बाहेर राहो. भीमराज म्हणाला, हे तुला तेव्हा माहीत होतं का? जयवंत म्हणाला, तुला होतं का? आवाज चढले. शेजारची बाई डोकावून गेली. चाळीस वर्षं लोक जयवंतवर थुंकले होते, त्याच्यावर लिहिलं होतं, त्याचे धडे शिकवले होते आणि त्याला खोडूनही टाकलं होतं. पण त्याच्यासमोर बसून त्याच्याशी भांडायला कुणी आलं नव्हतं. त्याचे न दिसणारे डोळे भीमराजच्या आवाजाकडं रोखलेले होते आणि मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

रुक्मिणीनं गॅसवर आधण ठेवलं. भीमराजला चहा द्यायचा की नाही, हे तिचं अजून ठरलं नव्हतं. तिनं तीन कप काढले, एक परत ठेवला, आणि बाहेर भीमराज टेबलावर हात आपटून म्हणाला, “माझी पोरगी गेली रे, घाडी!” तेव्हा जयवंतनं पहिल्यांदाच आवाज खाली आणून विचारलं, “नाव काय होता तिचा?”

रुक्मिणीनं तिसरा कप पुन्हा खाली काढला आणि उत्तर ऐकायला दारात येऊन उभी राहिली.